डावखुऱ्याची सर्व्हिस

मनगटावरची पट्टी त्यानं दातात धरली आणि हिसका दिला. निम्मी सुटली, निम्मी घामानं कातडीला चिकटून राहिली. कपडे बदलायच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पलीकडे एक शॉवर गळत होता. भिंतीवरच्या आवाज बंद केलेल्या टीव्हीत, तो आत्ताच जिथे हरला होता त्याच कोर्टावर पुढची मॅच सुरू झाली होती.

“डावखुरा तूच ना?”

त्यानं तोंडातली पट्टी काढली. दारात एक म्हातारा उभा होता. डोक्यावर उन्हानं रंग उडालेली टोपी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. ओळखायला वेळ लागला नाही. हे बाईंचे कोच.

“हो,” तो म्हणाला. “पण मी हरलो.”

“ते बघितलं मी.” म्हातारा उंबऱ्यातून आत आला नाही. “उद्या दुपारी बाईंची त्या पोरीशी मॅच आहे. सकाळी सरावाला डावखुरा हवाय. येशील?”

बाई म्हणजे कोण हे टेनिसच्या जगात कोणाला सांगावं लागत नसे. सोळाव्या वर्षी त्या मोठमोठ्यांना हरवायला लागल्या तेव्हा त्यांची शिस्त बघून कोणीतरी थट्टेनं त्यांना बाई म्हटलं होतं. पुढच्या वीस-एक वर्षांत थट्टा गळून पडली आणि नाव उरलं. आता त्यांच्याहून वयानं मोठे पंचही त्यांना बाईच म्हणत. ही त्यांची शेवटची स्पर्धा होती, तसं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. बायकांचे सामने पुरुषांच्या आधी सुरू झाले होते आणि पहिली फेरी त्या जिंकल्या होत्या. दुसरीत समोर एकोणीस वर्षांची एक डावखुरी मुलगी आली होती, आणि त्या मुलीची सर्व्हिस गेले वर्षभर भल्याभल्यांना झेपत नव्हती.

पुरुष आणि स्त्रिया दोघांचेही सामने एकाच आवारात चालणाऱ्या अशा मोठ्या स्पर्धेला तो पहिल्यांदाच आला होता. एरवी तो पुरुषांच्या लहानसहान स्पर्धा खेळे. तिथे प्रेक्षकांत दोघाचौघांचे आईबाप असत आणि बाकीची कबुतरं. इथेही तो मुख्य स्पर्धेत पोचला नव्हता, पात्रतेच्या शेवटच्या पायरीवर पाय घसरला होता. वय एकतीस. ही त्याचीही शेवटची स्पर्धा होती. फक्त ती जाहीर करण्याची कोणाला गरज पडली नव्हती.

“येईन,” तो म्हणाला. “किती वाजता?”

बाहेर गाड्या लावायच्या जागी दाजी उभे होते. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं फरश्यांचं दुकान होतं आणि येत्या सोमवारपासून तो तिथे बसणार, हे घरात ठरलं होतं. गाडीची डिकी त्यांनी आधीच उघडून ठेवली होती.

“उद्या?” दाजी म्हणाले. “अरे, मी तुला आज न्यायला आलोय.”

“तासाभराचं काम आहे, दाजी. बाईंबरोबर खेळायचंय.”

“कोण बाई?”

त्यानं हात वर केला. मुख्य स्टेडियमच्या भिंतीवर बाईंचं चित्र टांगलेलं होतं, तीन मजले उंच. दाजींनी बुटांपासून सुरुवात केली आणि हळूहळू मान मागे टाकत केसांपर्यंत गेले.

“ह्या?”

“हो.”

“तुझ्याशी?”

“हो.”

दाजींनी थोडा विचार केला आणि डिकी लावून टाकली.

“मग ताईला फोन तू कर,” ते म्हणाले. “मला तेवढी हिंमत नाही.”

सकाळी सरावाच्या कोर्टावर अजून ऊन उतरलं नव्हतं, तरी निळी जमीन आदल्या दिवसाची ऊब धरून होती. दाजी जाळीच्या कुंपणाबाहेर एका बाकावर बसले. कोच चेंडूंची टोपली घेऊन आले.

“तुला भिंत म्हणतात ना रे?” त्यांनी विचारलं.

तो ओशाळून हसला. आलेला प्रत्येक चेंडू परत पाठवायचा आणि स्वतःहून काहीच करायचं नाही, असा त्याचा खेळ होता. नाव त्यावरूनच पडलं होतं.

“भिंत का?” बाकावरून दाजी म्हणाले. “म्हणजे आमच्याच धंद्यातला निघाला की.”

तेवढ्यात बाई आल्या. कोर्टाकडे उतरणाऱ्या पायऱ्या त्या अंग तिरपं करून, एकेक, कठडा धरून उतरत होत्या. उजवा गुडघा पट्ट्यांनी बांधलेला होता. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या, एक श्वास घेतला आणि मग पाय खाली टेकला. दाजींनी कुंपणाला तोंड लावून हळूच विचारलं, “ह्या खेळणार आहेत आज?”

त्यालाही तोच प्रश्न पडला होता.

मग बाईंनी पहिला चेंडू मारला.

त्यांच्याहून जोरात मारणाऱ्यांशी तो आयुष्यभर खेळला होता. इथे जोराचा प्रश्न नव्हता. त्याचा पाय अजून जिथे पोचायचा असे, नेमका तिथे चेंडू येई, आणि इतक्या शांतपणे येई की चूक आपलीच वाटावी. आवाजही वेगळा होता. सुतारानं एका ठोक्यात खिळा बसवावा तसा एकच, कोरडा, पुरा. तो धावत होता, वाकत होता, परतवत होता, आणि प्रत्येक वेळी पुढचा चेंडू त्याला थोडा अधिक लांब नेत होता. एरवी असं झालं की त्याला राग येई. आज राग आला नाही. धावता धावता आपलं तोंड उघडंच राहिलंय हे त्याच्या लक्षात आलं.

“चला, सर्व्हिस,” कोच म्हणाले. “त्या पोरीसारखी. बाहेर वळणारी.”

डावखुऱ्यानं कोर्टाच्या एका विशिष्ट बाजूनं टाकलेली सर्व्हिस टप्पा पडल्यावर समोरच्याच्या डाव्या अंगाला वळते आणि बघता बघता कोर्टाबाहेर निघून जाते. उजव्या हाताचा खेळाडू तिच्यामागे पळतो आणि सगळं कोर्ट मोकळं पडतं. त्या मुलीचं हुकमी हत्यार तेच होतं. त्याच्याकडेही ते होतं, बोथट का होईना. त्यानं दोन-तीन टाकल्या.

बाईंनी रॅकेट खाली घेतली आणि जाळीपाशी चालत आल्या. जवळून त्यांचा चेहरा चित्रातल्यापेक्षा खूप लहान होता. डोळ्यांखाली काळं होतं.

“तू हात राखून टाकतोयस,” त्या म्हणाल्या.

“तुमची दुपारी मॅच आहे, बाई. म्हटलं, उगाच गुडघ्याला...”

“गुडघा माझा आहे. सर्व्हिस तुझी आहे. तुझं तू बघ.”

त्या मागे गेल्या. त्यानं चेंडू वर टाकला आणि पाठ, खांदा, मनगट, होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. अशी सर्व्हिस त्याला आदल्या दिवशी जमली असती तर तो हरला नसता. चेंडू वळला, बाहेर गेला, आणि बाई तिथे नव्हत्या. पुढच्या चेंडूलाही त्या नव्हत्या, त्याच्या पुढच्यालाही नव्हत्या. मग एकदा त्या मागे न पळता तिरक्या पुढे आल्या आणि चेंडू वळायच्या आतच त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. चेंडू त्याच्या पायांजवळून गेला. तो फक्त बघत राहिला.

“हं,” कोच म्हणाले. टोपी काढून त्यांनी परत घातली.

सराव संपेपर्यंत दाजी बाकावरून उठून कुंपणाला चिकटले होते. जाळीत बोटं अडकवून. बाई टॉवेलनं मान पुसत त्यांच्यापाशी थांबल्या.

“हे कोण?”

“माझे दाजी.”

“मी फरश्या विकतो,” दाजी एकदम म्हणाले.

बाईंनी पायाखाली पाहिलं. “मग ह्या जमिनीबद्दल काय मत तुमचं?”

दाजी फाटकातून आत आले, उकिडवे बसले आणि निळ्या जमिनीवरून त्यांनी तळहात फिरवला.

“गार पडली की चांगली वाटेल,” ते शेवटी म्हणाले.

बाई हसल्या. खळखळून हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी गुडघ्यावर हात दाबला. “दुपारी आमच्या जागांवर बसा,” त्या म्हणाल्या. “दोघंही.”

मुख्य स्टेडियममध्ये कोच आणि तो पुढच्या रांगेत बसले, दाजी मागे. उन्हानं कोर्टावरची हवा थरथरत होती. माणसांनी डोक्यावर कागद, टॉवेल, जे मिळेल ते धरलं होतं. बाई खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आल्या तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. त्यांनी फक्त एक हात किंचित वर केला, वर्गात शांतता हवी असल्यासारखा, आणि लोक खरंच खाली बसले.

पहिला सेट त्या मुलीनं बघता बघता घेतला. उंच, सडपातळ पोर, चेहऱ्यावर एक रेष हलत नव्हती. तिच्या सर्व्हिससमोर त्याची सकाळची सर्व्हिस म्हणजे मांजरापुढे मांजराचं चित्र. बाई तिरक्या पुढे आल्या की मुलगी चेंडू आणखी आखूड, आणखी बाहेर टाकी. दोन्ही हातांनी रॅकेट धरून बाई ताणल्या जात, आणि चेंडू वीतभर पलीकडून निघून जाई.

“हे बरोबर नाही,” मागून दाजी पुटपुटले. “पोरीला कोणीतरी सांगा, जरा हळू.”

दुसऱ्या सेटमध्ये काय झालं ते त्याला नंतर कोणाला नीट सांगता आलं नसतं. बाईंनी जोर वाढवला नाही. उलट त्यांनी खेळ हळू केला. उंच, तरंगते चेंडू. मग एक आखूड. मग एक कोपऱ्यात. ती मुलगी जिथे धावायला तयार होती तिथे त्यांनी तिला धावू दिलं नाही, आणि जिथे ती उभी होती तिथून तिला हलायला लावलं. हळूहळू मुलीचा चेहरा हलू लागला. आधी भुवया. मग ओठ. वीस हजार माणसांतून एक बारीक कुजबुज उठली आणि विरली. पायऱ्या कठडा धरून उतरणारी बाई ती हीच, ह्यावर त्याचा विश्वास बसेना. धावताना तो गुडघा कुठे जात होता कोण जाणे. कोचनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि सेट संपला तरी ते पुसतच होते.

सेट बाईंनी घेतला. लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. तो मागे वळला तेव्हा दाजींच्या हातात वाजणारा फोन होता.

“ताईचा,” दाजी म्हणाले. त्यांनी तो न उचलता खिशात टाकला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच केलं असावं.

तिसरा सेट बरोबरी फोडायच्या टायब्रेकपर्यंत गेला. तिथे एक-एक गुण जिवाच्या करारानं खेळला गेला आणि शेवटी मॅच पॉइंट, जिंकायला एकच गुण, त्या मुलीकडे आला. तिनं कुठे टाकायची ते सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं. बाईंनाही. चेंडू पडला, वळला. बाई पुढे झेपावल्या, दोन्ही हात ताणले. चेंडू रॅकेटच्या कडेला लागून उंच उडाला आणि प्रेक्षकांत गेला.

मग बाई जाळीपाशी गेल्या. रडली ती जिंकलेली पोरगी. बाईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं, थोपटलं, कानात काहीतरी सांगितलं. लोक उभे होते ते उभेच राहिले. बाईंनी चारी दिशांना वाकून नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि बोगद्यात शिरल्या. टाळ्या त्यानंतरही बराच वेळ चालू होत्या, रिकाम्या कोर्टासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्यालयात ओळखपत्र परत करायला गेला. दाजींनी गाडी दाराशीच आणली होती. आज खरंच निघायचं होतं. ताईनं फोनवर दोघांनाही एकत्रच झापलं होतं, वेळ वाचावा म्हणून. रात्री दाजींनी एकदाच अंधारात विचारलं होतं, “आता त्या काय करणार रे?” तो म्हणाला होता, “आराम.” दाजी म्हणाले होते, “हं. करावाच.”

कार्यालयातून परतताना वाटेत सरावाची कोर्टं होती. बहुतेक रिकामी. एका कोर्टावर एक बाई एकटीच, चेंडूंची टोपली शेजारी ठेवून, कुंपणाच्या जाळीवर चेंडू मारत होती. तो पुढे गेला, थांबला आणि मागे आला.

“बरं झालं आलास,” बाई म्हणाल्या. “कोच झोपलेत. म्हातारे दमलेत बिचारे. तुझी रॅकेट कुठेय?”

“गाडीत.”

“आण ना. ती कालची सर्व्हिस. मला काहीतरी सुचलंय.”

तो तसाच उभा राहिला. आदल्या दिवशीचे सगळे लोक, टाळ्या, बाईंचा नमस्कार त्याच्या डोळ्यांसमोरून गेला.

“बाई,” तो म्हणाला, “पण आता कुठे मॅच आहे?”

“कोणाची?”

“तुमची.”

“नाही की,” त्या म्हणाल्या. तो असं का विचारतोय ते त्यांना उमगलं नव्हतं. “काल जमलं नाही ना मला. आण, आण, ऊन चढतंय.”

तो गाडीकडे गेला आणि डिकीतून रॅकेट काढून घेऊन आला. मागून दाजी आले, हातात किल्ल्या वाजवत, काहीतरी बोलायच्या बेतात. कोर्टावर कोण आहे ते दिसल्यावर ते कुंपणाबाहेरच्या बाकावर बसले. किल्ल्या त्यांनी मुठीत गप्प केल्या.

त्यानं सर्व्हिस टाकली. बाहेर वळणारी, हात न राखता. बाई तिरक्या पुढे झेपावल्या आणि शेवटच्या क्षणी त्यांनी डावा हात रॅकेटवरून काढून घेतला.

त्याला वाटलं, हात निसटला. पण पुढच्या वेळीही त्यांनी तो काढला. सबंध आयुष्य त्या डाव्या अंगाचा फटका, बॅकहँड, दोन्ही हातांनी मारत आल्या होत्या. जगातली लहान मुलं तो फटका बघून दोन हातांनी मारायला शिकली होती, तोही त्यातलाच एक. आता त्या एकट्या उजव्या हातानं, नवशिक्यासारखं मनगट वाकडं करून, चेंडूपर्यंत पोचायला बघत होत्या. पोचत होत्या. पण पुढे सगळा गोंधळ. एक चेंडू जाळीत गेला, एक कुंपणावरून पलीकडच्या कोर्टात, एक सरळ दाजींच्या बाकामागे. दाजी उठून तो आणायला धावले.

“अरे देवा,” बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. “माकड झालंय माझं. टाक.”

तो टाकत राहिला. ऊन कोर्टाच्या निम्म्यावर आलं. बाई आता हसत नव्हत्या. ओठ मुडपून, हाताची मूठ थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवत, पुन्हा पुन्हा तिरक्या पुढे येत होत्या. गुडघा दुखला की त्या थांबत, चोळत, आणि त्याच्याकडे न बघता हातानंच सांगत, चालू दे. तो खाली वाकून चेंडू उचलत राहिला, गरज होती त्याहून थोडा अधिक वेळ.

मग एक चेंडू आला. बाईंनी तो नुसता कापला, एका हातानं, खाली. तो जाळीच्या अगदी वरून, रेषेला धरून आला आणि जमिनीवर पडल्यावर उठलाच नाही, घसरत गेला. त्यामागे धावताना तो अर्ध्या वाटेवर थांबला. जाऊन गाठता येईल असा चेंडू नव्हता तो.

बाई होत्या तिथेच उभ्या होत्या, चेंडू जिथे टेकला त्या जागेकडे बघत. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. निळ्यावर निळं.

“दाजी, बघितलंत?” त्या ओरडल्या.

“बघितलं!” दाजी ओरडले. त्यांचा आवाज चिरकला.

बाई जाळीपाशी आल्या, दोन्ही कोपरं जाळीवर टेकली. घाम हनुवटीवरून टपकत होता.

“ती पोरगी आणखी एक टाकते,” त्या म्हणाल्या. “तशीच दिसते, पण उलटी, अंगावर येणारी. तुला येते ती?”

“नाही.”

“कधी केली नाहीस?”

“नाही. म्हणजे, आता काय...” त्यानं खांदे उडवले आणि वाक्य सोडून दिलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कुतूहलानं, हात न राखता, सर्व्हिसची वाट बघतात तसं.

“मग शीक की,” त्या म्हणाल्या. “मी आहे दुपारपर्यंत.”

त्या लंगडत मागे गेल्या आणि रेषेवर जाऊन गुडघे वाकवून उभ्या राहिल्या. बाकावर दाजींचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, तोंडावर हात धरून दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, हळू बोल जरा. नाही, निघालो नाही अजून. नाही गं, भांडण कसलं,” आणि पाठ फिरवून थोडे लांब गेले.

त्यानं रॅकेटवरची मूठ बदलून पाहिली. पहिली सर्व्हिस जाळीच्या तळाशी आपटली. दुसरी इतकी बाहेर गेली की बाईंनी नुसती मान वळवून तिला जाऊ दिलं. कपाळावरचा घाम खांद्याला पुसून त्यानं टोपलीतून चेंडू घेतला आणि वर टाकला.